फळ्याकडे तोंड करून: एका प्रशिक्षणाचा प्रशासकीय इतिहास

प्रशासनात काही प्रश्न असे असतात, की त्यांचे उत्तर नस्तीवर सहज लिहिता येते. वर्गात मात्र देता येत नाही. अशाच एका प्रश्नाने माझा बरीच वर्षे पाठलाग केला आहे. त्या प्रश्नाचा इतिहास आज आपल्यापुढे मांडत आहे.

गोष्ट सर्व शिक्षा अभियानाच्या भराच्या काळातील. बंगळूर शहराच्या वेशीवरील एका प्रशिक्षण केंद्रात प्राथमिक शिक्षकांचे तीन दिवसांचे शिबिर चालू होते. विषय होता, ‘विशेष गरजा असलेल्या मुलांचे शिक्षण’. समारोपास मी पाहुणा म्हणून हजर होतो. भाषणे झाली, प्रमाणपत्रे वाटून झाली, आणि कोणाला काही विचारायचे आहे का, असे रीतीप्रमाणे विचारले गेले. मागच्या बाकावरून एक मध्यमवयीन शिक्षिका उभ्या राहिल्या. कन्नडमध्ये त्यांनी जे विचारले, त्याचा आशय असा: “सर, माझ्या वर्गात बेचाळीस मुले आहेत. त्यांतल्या एकाला नीट ऐकू येत नाही. तीन दिवसांत मला कानाच्या रचनेची आकृती आणि श्रवणदोषाचे प्रकार समजले. पण उद्या सकाळी दहा वाजता मी फळ्याकडे तोंड करून लिहीत लिहीत बोलेन, तेव्हा त्या मुलाने काय करायचे?”

सभागृहात थोडे हसू पसरले. साधनव्यक्तींनी सांगितले की, हा विषय पुढच्या टप्प्यातील प्रशिक्षणात येईल. मीही ‘आपली तळमळ कौतुकास्पद आहे’ अशा अर्थाचे दोन शब्द बोललो. कार्यालयात परतल्यावर त्रैमासिक अहवालावर सही केली. त्यात लिहिले होते: भौतिक प्रगती, शंभर टक्के.

त्या बाईंना उत्तर का मिळाले नाही? साधनव्यक्ती अज्ञानी होते किंवा मी निष्ठुर होतो, असे म्हणून विषय संपवता येईल; परंतु ते पुरेसे होणार नाही. उत्तर न मिळण्याची व्यवस्था फार आधी, निरनिराळ्या कार्यालयांत, चांगल्या हेतूने उभी राहिली होती.

आधी संस्था आल्या

आपल्या देशात अपंग मुलांच्या शिक्षणाचा आरंभ वेगळ्या शाळांपासून झाला. मुंबईत १८८५ च्या सुमारास मूकबधिरांची शाळा निघाली. १८८७ साली अमृतसर येथे अ‍ॅनी शार्प या मिशनरी बाईंनी अंधांची शाळा काढली. म्हैसूर संस्थानात अंध व बधिर मुलांची शाळा १९०१ पासूनची. धर्मादाय, मिशन आणि संस्थानिक या तिघांच्या आश्रयाने या शाळा वाढल्या. सामान्य शाळेला आणि तिच्या शिक्षकाला या मुलांशी काही कर्तव्य आहे, हा विचार त्या काळच्या चौकटीत नव्हता.

स्वातंत्र्यानंतर बंगळूरने या क्षेत्रात मोठी मजल मारली. १९५४ साली येथे अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था स्थापन झाली. १९७४ साली तिचे आणि जुन्या मनोरुग्णालयाचे एकत्रीकरण होऊन निम्हान्स ही संस्था आकारास आली. वाचा व श्रवणविषयक अखिल भारतीय संस्था १९६० च्या दशकात शेजारच्या म्हैसूरला आली. १९५९ साली एन. एस. हेमा यांनी असोसिएशन ऑफ पीपल विथ डिसॅबिलिटी ही संस्था उभी केली. हेमा यांना स्वतःला पोलिओमुळे अपंगत्व आलेले होते, हे येथे मुद्दाम नोंदवतो. या संस्थेने पुढे लिंगराजपुरम येथे अपंग आणि इतर मुले एकत्र शिकतील अशी शाळा चालवली. १९८० साली स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ कर्नाटक सुरू झाली. आपल्याकडे पुण्यात १९६४ साली सिंधुताई जोशी यांनी ‘कामायनी’ सुरू केली, तीही याच पिढीतली.

या संस्थांचे ऋण मोठे आहे. परंतु त्यांच्यामुळे नकळत एक समजूत पक्की झाली, की अशा मुलाचा पत्ता म्हणजे रुग्णालय किंवा ‘ती खास शाळा’. ज्या शहरात देशातील उत्तमोत्तम तज्ज्ञ बसले होते, त्याच शहराच्या वेशीवरील शिक्षिकेपर्यंत त्यांचे ज्ञान पोहोचण्यास रस्ता नव्हता. रस्ता बांधणे हे प्रशासनाचे काम होते.

दोन मंत्रालयांतील एक मूल

रस्ता बांधण्याची शिफारस कोठारी आयोगाने (१९६४–६६) केली होती. अपंग मुलांचे शिक्षण हे दयेचे कार्य नसून शिक्षणव्यवस्थेचाच भाग आहे, आणि शक्य तेथे ते सामान्य शाळेत व्हावे, ही आयोगाची भूमिका होती. त्यानुसार १९७४ साली अपंग बालकांच्या एकात्मिक शिक्षणाची केंद्रीय योजना आली. पण ती आली समाजकल्याणाच्या खात्यात! शाळा शिक्षण खात्याची, शिक्षक शिक्षण खात्याचा, मूल शाळेत, आणि अनुदान मात्र कल्याण खात्याकडून. हा घोळ लक्षात येऊन योजना शिक्षण खात्याकडे जाईपर्यंत १९८२ साल उजाडले. प्रशासनात आठ वर्षे फार नाहीत, असे आपण अधिकारी म्हणतो. पहिलीत बसलेले मूल मात्र तेवढ्या काळात प्राथमिक शाळा संपवून बाहेर पडते.

योजना एका छताखाली आली, शिक्षक मात्र आले नाहीत. विशेष शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा दर्जा सांभाळण्यासाठी १९८६ साली भारतीय पुनर्वास परिषद स्थापन झाली. १९९२ च्या कायद्याने तिला वैधानिक दर्जा मिळाला आणि १९९३ पासून ती त्या नात्याने काम करू लागली. तिचे मंत्रालय कल्याणाचे. सामान्य शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेचा कायदा १९९३ साली झाला. तिचे मंत्रालय शिक्षणाचे. एकाच बाकावर शेजारी शेजारी बसलेल्या दोन मुलांच्या शिक्षकांची पात्रता दोन परिषदा ठरवू लागल्या. दोघींचे अभ्यासक्रम निराळे आणि मान्यतेच्या अटी निराळ्या.

पुनर्वास परिषदेच्या कायद्यातील तेरावे कलम आपण वाचले पाहिजे. परिषदेच्या नोंदवहीत नाव नसलेल्या व्यक्तीने पुनर्वास व्यावसायिक म्हणून काम केल्यास एक वर्षापर्यंत कारावास किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी त्यात तरतूद आहे. आणि ‘पुनर्वास व्यावसायिक’ या व्याख्येत विशेष शिक्षक येतात. भोंदू उपचार करणाऱ्यांपासून मुलांचे रक्षण हा त्यामागील रास्त हेतू. गावच्या शाळेतील शिक्षिकेला त्या कलमाने काहीच मनाई केलेली नव्हती. परंतु कायद्याचा अर्थ आणि कायद्याचा वास यांत अंतर असते. ‘हे तज्ज्ञांचे काम, आपण हात लावू नये’ हा वास शिक्षक-कक्षापर्यंत बरोबर पोहोचला. मूल दाखल करून घ्यायचे, हजेरी मांडायची आणि तज्ज्ञाची वाट पाहायची, असा शिरस्ता पडला.

एक चांगला नमुना, जो मागे पडला

या इतिहासात सगळे चुकतच गेले, असे मात्र नाही. १९८७ साली एन.सी.ई.आर.टी. आणि युनिसेफ यांनी मिळून अपंगांच्या एकात्मिक शिक्षणाचा एक प्रकल्प हाती घेतला. देशात दहा ठिकाणी एकेक विकासगट निवडला गेला. महाराष्ट्र त्यात होता. एन. के. जांगीरा हे त्यामागील प्रमुख नाव. या प्रकल्पातील प्रशिक्षणाची रचना तीन पायऱ्यांची होती.

पहिली पायरी: गटातील सर्व शिक्षकांना सुमारे एक आठवड्याचे प्रशिक्षण.
दुसरी पायरी: त्यांतील साधारण दहा टक्के शिक्षकांना सहा आठवड्यांचे प्रशिक्षण.
तिसरी पायरी: प्रत्येक गटातून आठ-दहा शिक्षकांना पूर्ण एक वर्षाचे, अनेक प्रकारच्या अपंगत्वांना कवेत घेणारे प्रशिक्षण.

या रचनेतील शहाणपण असे, की वर्षभर शिकलेला शिक्षक त्याच गटात राहत असे. आठवडाभर शिकलेल्या शिक्षिकेला अडचण आली, तर विचारायला माणूस हाकेच्या अंतरावर होता. प्रशिक्षण हा एकदा उरकण्याचा कार्यक्रम नसून तो शेजार असतो, हे या प्रकल्पाने ओळखले होते. शिवाय एकच शिक्षक अंध, कर्णबधिर आणि मतिमंद (त्या वेळचा शब्द) अशा सर्व मुलांसाठी तयार करणे हे ग्रामीण भागाला धरून होते. एका गावात प्रत्येक प्रकारासाठी वेगळा तज्ज्ञ कधीच येणार नव्हता. बंगळूरच्या ‘सेवा इन अ‍ॅक्शन’ या संस्थेने, रुमा बॅनर्जी यांच्या पुढाकाराने, कर्नाटकाच्या ग्रामीण भागात १९८० च्या दशकापासून याच दिशेने काम केले.

त्याच सुमारास युनेस्कोने शिक्षक-प्रशिक्षणासाठी एक साधनसंच तयार केला. मेल एन्स्को हे त्याचे सूत्रधार, आणि ज्या आठ देशांत तो आधी तपासला गेला त्यांत भारत होता. त्यातील मूळ कल्पना साधी होती. ‘या मुलात काय बिघडले आहे’ असे विचारण्याऐवजी ‘माझ्या शिकवण्यात काय बदलता येईल’ असे शिक्षकाने विचारावे. १९९४ साली स्पेनमधील सालामांका येथे ९२ देशांच्या प्रतिनिधींनी समावेशक शिक्षणाचा जो जाहीरनामा मान्य केला, त्याची पूर्वतयारी अशा कामातून झाली होती.

मग हा नमुना मागे का पडला? माझ्या मते, तो मोजायला अवघड होता म्हणून. वर्षभर आठ शिक्षक प्रशिक्षणास पाठवले, तर तेवढ्या जागा रिकाम्या दिसतात आणि आकडा दिसतो अवघा आठ. तीन दिवसांत आठशे शिक्षक ‘प्रशिक्षित’ झाले, तर तो आकडा बैठकीत वाचून दाखवता येतो.

पाणी घातलेले ताक

१९९४ साली जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम आला. कर्नाटकातील पहिल्या चार जिल्ह्यांत बेळगावचा समावेश होता. महाराष्ट्रात मराठवाड्यातील जिल्हे निवडले गेले. १९९७ साली या कार्यक्रमात अपंग मुलांच्या शिक्षणाचा घटक जोडला गेला. २००१ पासून सर्व शिक्षा अभियान सुरू झाले आणि ‘कोणत्याही मुलास नकार नाही’ हे त्याचे घोषवाक्य ठरले. विशेष गरजा असलेल्या प्रत्येक मुलामागे वर्षाला १२०० रुपयांपर्यंत तरतूद होती. पुढे ती ३००० झाली. कर्नाटकात गटस्तरावर समावेशक शिक्षणाचे साधन-शिक्षक नेमले गेले. मुले पटावर आली, हे या अभियानाचे श्रेय कोणी नाकारू नये. मीही नाकारत नाही.

परंतु शिक्षकांचे प्रशिक्षण ‘धबधबा’ पद्धतीने झाले. राज्याने जिल्ह्याला शिकवायचे, जिल्ह्याने तालुक्याला, तालुक्याने केंद्राला आणि केंद्राने शिक्षकाला. ताकात प्रत्येक घरी थोडे थोडे पाणी पडावे, तसे ते झाले. वरच्या पायरीवर तज्ज्ञाने मुलासमवेत करून दाखवलेली कृती खालच्या पायरीवर वहीतील व्याख्या होऊन उतरली. व्याख्या सांगायला सोपी, कृतीला मात्र मूल समोर लागते. त्या बाईंना कानाची आकृती मिळाली आणि उत्तर मिळाले नाही, त्याचे कारण हे.

पुढची हकिगत सांगितली पाहिजे. दोनेक वर्षांनी दुसऱ्या कामासाठी मी त्या भागात गेलो असता, आठवण होऊन त्या शाळेत डोकावलो. बाईंची बदली झाली होती. मुख्याध्यापकांनी सांगितले की, शिबिरानंतर बाईंनी स्वतःच काही गोष्टी ठरवल्या होत्या. त्या मुलाला दुसऱ्या रांगेत, खिडकीच्या बाजूला बसवत, म्हणजे त्याला बाईंचे तोंड उजेडात दिसे. आधी फळ्यावर लिहीत, मग वळून बोलत. एक मैत्रीण त्याच्या वहीत पान क्रमांक दाखवून देई. मूल वाचू लागले होते. नव्या शिक्षकाला यातले काही कोणी सांगितले नाही. मूल हळूहळू येईनासे झाले. पटावर शेरा होता: ‘पालकांचे स्थलांतर’. घर शाळेमागच्या गल्लीतच होते.

नवे शिक्षकही आमच्या नोंदीनुसार ‘प्रशिक्षित’ होते. त्या शंभर टक्क्यांत तेही होते, आणि ती सही माझी होती.

घरची भाषा आणि आपण

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या वाचकांसाठी येथे एक गोष्ट सांगतो. बंगळूरमधील मराठी घरात आईची भाषा मराठी, रस्त्यावर कन्नड आणि शाळेत इंग्रजी असते. अशा घरातील मूल उशिरा बोलू लागले किंवा वाचताना अडखळले, की शाळेतून पहिला सल्ला येतो, ‘घरी मराठी बंद करा.’ अनेक आईबापांनी तो डोळे मिटून पाळला आहे. आज या विषयावरील संशोधन स्पष्ट आहे. दोन भाषा ऐकल्याने वाचादोष किंवा स्वमग्नता होत नाही, आणि घरची भाषा तोडल्याने ती बरी होत नाही. तुटतो तो आजी-आजोबांशी असलेला संवाद. हे शिक्षकाला कोणी सांगितलेले नसते, कारण त्याच्या प्रशिक्षणात भाषा हा एक विषय असतो आणि अपंगत्व हा दुसरा. मुलाच्या ठायी ते दोन्ही एकत्र नांदत असतात.

राज्याच्या सीमाही अशाच आड येतात. अध्ययन-अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना शालान्त परीक्षेत सवलती देण्यात महाराष्ट्राने १९९६ साली पुढाकार घेतला. त्याच साली अमलात आलेल्या अपंग व्यक्ती अधिनियम, १९९५ मधील सात प्रकारांत मात्र अध्ययन-अक्षमता नव्हती. ‘तारे जमीं पर’ २००७ च्या अखेरीस आला आणि घरोघरी डिस्लेक्सिया हा शब्द पोहोचला. कायद्यात ती पोहोचली २०१६ साली, जेव्हा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने प्रकारांची संख्या २१ केली.

कायदा पुढे, वर्ग मागे

गेल्या दीड दशकात कायद्याची बाजू भक्कम झाली आहे. शिक्षणहक्क कायदा एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि २०१२ च्या दुरुस्तीने दिव्यांग मुले त्यात स्पष्टपणे आली. राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेच्या २०१४ च्या नियमांनी दोन वर्षांच्या बी.एड. अभ्यासक्रमात समावेशक शाळेचा विषय घातला. २०१९ साली ‘निष्ठा’ या कार्यक्रमाने सुमारे ४२ लाख शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे उद्दिष्ट ठेवले. सर्वोच्च न्यायालयाने रजनीश कुमार पांडे प्रकरणात २०२१ साली विशेष शिक्षकांचे प्रमाण ठरवण्यास सांगितले. त्यानंतर प्राथमिक स्तरावर दहा मुलांमागे एक आणि त्यापुढे पंधरा मुलांमागे एक असे प्रमाण ठरले, आणि २०२५ साली न्यायालयाला राज्यांना ही पदे मंजूर करण्याचे आदेश पुन्हा द्यावे लागले. महाराष्ट्राने डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग केला.

हे सर्व स्वागतार्ह आहे. तरीही इतिहास वाचणाऱ्याला दोन धोके दिसतात. स्वतंत्र विभागामुळे १९७४ ची चूक नव्या रूपात परत येऊ नये, म्हणजे ‘हे त्या खात्याचे मूल’ असे शिक्षण खात्याने म्हणू नये. आणि ४२ लाखांचा आकडा माझ्या शंभर टक्क्यांसारखा होऊ नये.

प्रशासनाने काय करावे?

अनुभवातून चार सूचना नम्रपणे मांडतो.

१) प्रशिक्षणाची नोंद व्यक्तीच्या नावे न ठेवता शाळेच्या नावे ठेवावी. बदलीच्या वेळी जसा जडवस्तूंचा कार्यभार लेखी दिला जातो, तसा अशा प्रत्येक मुलाबाबत एक पानी कार्यभार द्यावा: कोठे बसवतो, कसे बोलतो, काय जमते.

२) शिबिराचे दिवस कमी केले तरी चालतील, पण सहा आठवड्यांनी साधन-शिक्षकाने वर्गात येऊन शेजारी बसावे. उपयोगिता प्रमाणपत्र त्या भेटीनंतरच द्यावे.

३) विशेष शाळांतील अनुभवी शिक्षकांना सामान्य शाळांत काही महिने काम करण्याची वाट दोन्ही खात्यांनी मिळून खुली करावी. त्यासाठी नव्या कायद्याची गरज नाही. दोन सचिवांच्या एका संयुक्त परिपत्रकाने हे होऊ शकते.

४) प्रत्येक शिबिरात निम्मा वेळ शिक्षकांच्या प्रश्नांना द्यावा, आणि ते प्रश्न लिहून वर पाठवावेत. धबधबा खाली येतो. प्रश्नांना वर चढण्यासाठी पायऱ्या लागतात.

असो. त्या बाईंची गाठ पुन्हा पडली नाही. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर त्यांनीच शोधले होते आणि ते फार अवघडही नव्हते: आधी लिहायचे, मग मुलाकडे वळून बोलायचे. ते उत्तर त्यांच्याकडून पुढच्या शिक्षकाकडे जाण्याची सोय करणे, एवढेच माझे काम होते. ते मी केले नाही.

आपण सुट्टीत गावी जाल, तेव्हा आपल्या जुन्या शाळेत अवश्य जा. देणगी द्याल ती द्याच. पण मुख्याध्यापकांना एवढे विचारा, की शाळेत असे मूल आहे का, आणि त्याच्या शिक्षकांची बदली झाली, तर पुढच्या शिक्षकांना त्याच्याविषयी कोण सांगणार आहे?